नागपूरच्या घरात सक्युलंट जगवायचं तर: जागा, माती, पाणी आणि ऋतूंचा हिशोब

सक्युलंट, म्हणजे जाड पानांत किंवा खोडात पाणी साठवणारं रोप, विकताना एकच गोष्ट सांगितली जाते, की याला काही लागत नाही. घरी आल्याबरोबर आपण ते मोठ्या कुंडीत काळ्या मातीत लावतो, लगेच भरपूर पाणी घालतो आणि हवेशीर म्हणून कूलरच्या खिडकीत ठेवतो. काही आठवड्यांत खालची पानं पिवळी आणि पाणीदार होतात, हात लावला की गळतात, आणि रोप बुडापासून सुटून येतं. दोष जातो नागपूरच्या उन्हाला. घरात ठेवलेलं सक्युलंट उन्हामुळे क्वचित मरतं. ते मुळाशी थांबलेल्या ओलीमुळे मरतं, आणि भर मे महिन्यातही कारण बहुधा तेच असतं.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. विशेषतः चौथ्या टप्प्यातला क्रम उलटा झाला की बाकी सगळं नीट करूनही रोप कुजतं.

टप्पा १: रोप आणण्याआधी खिडकी ठरवा

पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि साडेदहा-अकरापर्यंत ते सरकतं. पश्चिमेची खिडकी ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालते, पण मार्चपासून तिथली काच आणि ग्रील दुपारी इतकी तापतात की काचेला टेकलेलं पान भाजतं.

दक्षिणेच्या खिडकीबाबत गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मधल्या काळात तो किंचित उत्तरेला झुकलेला असतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला खाली उतरलेला असतो आणि ऊन खोलीत बरंच आत शिरतं. म्हणजे हीच खिडकी मे-जूनमध्ये मंद उजेडाची आणि हिवाळ्यात भर उन्हाची. एकदा जागा ठरवली की वर्षभर तीच, हे इथे चालत नाही.

*तपासा:* सकाळी दहाच्या सुमारास ठरवलेल्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीची कड स्पष्ट असेल तर एचेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटलम, सेडम, जेड चालतील. सावली पुसट असून पाच बोटं ओळखू येत असतील तर हावर्थिया आणि गॅस्टेरिया. सावलीच पडत नसेल तर तिथे फक्त स्नेक प्लांट तग धरेल. बाकी काही हवं असेल तर ग्रो लाइट, म्हणजे रोपांसाठीचा दिवा, लावावा लागेल.

*सावधान:* कूलर बसवलेली खिडकी सक्युलंटची नाही. कूलरचा झोत ओला असतो, आणि आपल्याकडे तो रात्रभर चालतो. बाहेर लू चालू असली तरी त्या झोतातली कुंडी आठवडा-आठवडा वाळत नाही. जागेची अडचण असेल तर निदान झोताच्या रेषेतून कुंडी बाजूला काढा. एसीच्या थेट वाऱ्यातही ठेवू नका.

टप्पा २: योग्य रोप, योग्य महिन्यात

खरेदी ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत करा. या काळात मुळं धरतात आणि चूक झाली तरी रोप सावरतं. जून ते सप्टेंबरमध्ये घेतलेलं रोप आधीच ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणाच्या भुशात) उभं असतं. मे महिन्यात घेतलेलं रोप प्रवासानेच दमलेलं असतं.

पहिल्यांदाच ठेवत असाल तर हावर्थिया, गॅस्टेरिया, स्नेक प्लांट किंवा जेड घ्या. नर्सरीत जेड म्हणून मिळतं ते पुष्कळदा पोर्टुलाकारिया आफ्रा असतं. नखाएवढी गोल पानं आणि लालसर खोड ही त्याची ओळख. खरं जेड, म्हणजे क्रासुला ओव्हाटा, याची पानं मोठी आणि जाड असतात. दोन्ही चांगली, पण पोर्टुलाकारिया नागपूरचा उन्हाळा अधिक सहज सोसतं आणि थोडं जास्तीचं पाणीही. पांढरी भुकटी असलेली नाजूक एचेव्हेरिया दुसऱ्या वर्षी आणा. लिथॉप्स, म्हणजे दगडासारखं दिसणारं रोप, इथल्या पावसाळ्यात सांभाळणं खरोखर कठीण आहे. ते सुरुवातीला घेऊच नये.

नर्सरीत रोप हातात घेऊन पाहा. बूड हळूच हलवा. डुगडुगत असेल तर मुळं नाहीत. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके असतील तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड आहे, ते रोप आणू नका. रंग फासलेले कॅक्टस, चिकटवलेली खोटी फुलं, वरचे खडे गोंदाने घट्ट केलेली कुंडी, हे तिन्ही टाळा. गोंदाच्या थराखाली माती ओली आहे की कोरडी, ते कधीच कळत नाही.

*सावधान:* घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर जेड आणि कलांचो त्यांच्या तोंडी लागतील असे ठेवू नका, जनावरांना ती बाधतात. युफोर्बियाचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर मोठा त्रास होतो. हावर्थिया या बाबतीत निर्धास्त.

टप्पा ३: कुंडी आणि मिश्रण

इथे घाई करू नका. अर्धं यश या टप्प्यात आहे.

कुंडी मातीची, भाजलेली, तळाला छिद्र असलेली. रोपाच्या मुळांच्या गोळ्यापेक्षा सगळीकडून जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर मोठी. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते, आणि कूज तिथूनच सुरू होते. चिनी मातीचे सुंदर कप, काचेचे गोळे, छिद्र नसलेले स्टीलचे डबे यांत सक्युलंट लावू नका. कपच हवा असेल तर रोप छोट्या प्लास्टिकच्या कुंडीत ठेवा, ती कपात बसवा आणि पाणी देताना बाहेर काढा.

तळाला खड्यांचा किंवा खापऱ्यांचा थर देण्याची पद्धत सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांत सहज उतरत नाही. ते खड्यांच्या वर, म्हणजे नेमकं मुळांपाशी, अडून राहतं. छिद्रावर डासांच्या जाळीचा तुकडा ठेवा, तेवढं पुरे.

आता माती. विदर्भातली काळी माती कापसाला उत्तम, कारण ती पाणी धरून ठेवते. सक्युलंटला ती याच कारणाने चालत नाही. ओली असताना चिकट होते, वाळली की आवळते, भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. नर्सरीतलं तयार पॉटिंग मिक्स बहुतेक कोकोपीट आणि शेणखताचं असतं, तेही एकटं वापरू नका.

घरी असं करा:

- जाड रेती दोन भाग. बांधकामाची रेती आधी बारीक चाळणीने चाळा. चाळणीतून खाली पडेल ते फेकायचं, वर उरेल ते ठेवायचं. मग बादलीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवा. बहुतेक लोक हे उलटं करतात आणि बारीक रेतीच वापरतात. ती मातीतल्या फटी बुजवते आणि निचरा आणखी बिघडवते.
- विटांचे तुकडे एक भाग, साधारण ज्वारी ते हरभऱ्याच्या आकाराचे. नीट भाजलेली लाल वीट घ्या. पाडलेल्या भिंतीचा मलबा नको, त्याला लागलेलं सिमेंट आणि चुना माती बिघडवतात. परलाइट किंवा प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) मिळालं तर विटेऐवजी तेही चालतं.
- चाळलेलं, पूर्ण कुजलेलं पानांचं किंवा गांडूळखत एक भाग. त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळा.

हावर्थियासाठी हेच प्रमाण ठेवा. एचेव्हेरियासाठी विटेचा भाग दीडपट करा, कारण पावसाळ्यात तिची मुळं सगळ्यांत आधी खराब होतात. स्नेक प्लांट एवढं काटेकोर मागत नाही.

*तपासा:* मिश्रण किंचित ओलं करून मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा आपोआप विस्कटला पाहिजे. मग रिकाम्या कुंडीत मिश्रण भरून वरून पेलाभर पाणी ओता. काही क्षणांतच खालून धार लागली पाहिजे. पाणी वर तळं करून थांबत असेल तर रेती आणि विटा वाढवा, पुन्हा तपासा, आणि तोपर्यंत रोपाला हात लावू नका.

टप्पा ४: नवीन रोप लावणं

आणल्यापासून आठ-दहा दिवस रोप बाकीच्या झाडांपासून वेगळं ठेवा आणि पाणी देऊ नका. कीड असेल तर या काळात दिसते, आणि नर्सरीतलं कोकोपीटही वाळतं.

माती वाळली की रोप कुंडीसकट आडवं धरून काढा. मुळांच्या मधोमध कोकोपीटचा घट्ट गोळा असतो, काही वेळा त्याभोवती जाळीची छोटी पिशवीही. ती कापून काढा आणि गोळा बोटांनी हळूहळू मोकळा करा. हा गोळा तसाच राहिला तर बाहेरचं चांगलं मिश्रण वाळतं आणि आतला गाभा ओला राहतो. ओल तपासायला खुपसलेली काडी (टप्पा ५) कोरडी निघते, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. काळी, पोकळ, ओढल्यावर सालासारखी सुटणारी मुळं कात्रीने कापा. पांढरी किंवा फिकट तपकिरी, ताठ मुळं ठेवा.

आता रोप उघड्या मुळांनी सावलीत, कागदावर दोन ते चार दिवस पडू द्या. बघायला जीवावर येतं, पण पानांत पाणी भरलेलं असतं, रोपाला काही होत नाही. तुटलेल्या मुळांच्या जखमा मात्र सुकून बंद होतात.

त्यानंतर कोरड्या मिश्रणात लावा. खालची पानं मातीला टेकू देऊ नका, बूड थोडं वर ठेवा. पहिलं पाणी आणखी पाच ते सात दिवसांनी.

*सावधान:* लावल्यावर लगेच पाणी घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. तुळस-मोगऱ्याला आपण तसं करतो आणि ते बरोबरच आहे. सक्युलंटच्या ताज्या जखमेवर पाणी म्हणजे कुजीला वाट करून देणं.

टप्पा ५: पाणी कधी आणि कसं

आठवड्यातून एकदा, रविवारी रविवारी, अशी पद्धत ठेवू नका. एकच कुंडी जानेवारीत दहा दिवसांत वाळते, एप्रिलमध्ये चार दिवसांत आणि ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांतही वाळत नाही. दिवस मोजण्यापेक्षा कुंडी तपासा.

अगरबत्ती जळून उरलेली बांबूची काडी घ्या. कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटं ठेवा आणि काढा. काडीला माती चिकटली किंवा ती गार लागली, तर थांबा. पूर्ण कोरडी निघाली तर कुंडी उचलून वजन बघा. काही आठवड्यांत हाताला सवय होते आणि काडीची गरज कमी पडते. शेवटी खालचं एक पान बोटांत हलकेच दाबा. ताठ असेल तर आणखी दोन दिवस थांबा, किंचित मऊ असेल तर पाणी द्या.

द्यायचं तेव्हा पोटभर द्या. खालच्या छिद्रातून वाहेपर्यंत, मातीवर, पानांच्या मधे नाही. निथळू द्या आणि दहा मिनिटांनी बशीतलं पाणी फेका. रोज चमचा-चमचा पाणी घातल्याने वरचा थर ओला आणि खालची मुळं सुकी राहतात. स्प्रेने पानांवर फवारा मारणं तर पूर्ण बंद करा, पानांच्या गाभ्यात थेंब अडकतो आणि तिथून काळा डाग सुरू होतो.

कोणतं पाणी, यालाही महत्त्व आहे. नळाचं चालतं. बोअरवेलचं जड पाणी सतत दिल्यास मातीवर आणि कुंडीच्या बाहेर पांढरा क्षार साचतो, मुळं पाणी ओढेनाशी होतात. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी त्याहून खारट असतं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही देऊ नका. पाण्याची वाफ होते आणि क्षार टाकीत मागे राहतात, त्यामुळे मोसमभर ते अधिकाधिक खारट होत जातं. एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी मात्र हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते साठवा आणि खोलीच्या तापमानाला आलं की वापरा.

*सावधान:* मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. तेच नळाला येतं. उन्हाळ्यात पाणी पहाटे, नाहीतर आदल्या रात्री भरून ठेवलेलं.

टप्पा ६: तीन ऋतू, तीन वागणुकी

*ऑक्टोबर ते फेब्रुवारी.* नागपुरात सक्युलंटची खरी वाढ आता होते. दिवस उबदार, रात्री गार. खत याच काळात, महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलेल्याच्या अर्ध्या मात्रेने आणि आधी ओल्या केलेल्या मातीत. कुंडी बदलणं, पानांपासून रोपं करणं, छाटणी, सगळं आता. ऊन वाढवायचं तर दोन आठवड्यांत हळूहळू, रोज अर्धा तास. थंडीची लाट आली तर रात्री कुंडी उघड्या खिडकीतून आत घ्या. त्या दिवसांत पाणी थांबवा.

*मार्च ते जूनचा मध्य.* इथे लोकांचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो. ऊन वाढलं म्हणून पाणी वाढवलं जातं. पण बहुतेक सक्युलंट पानांवरची रंध्रं रात्री उघडतात आणि तेव्हाच हवा आत घेतात. रात्र गार असली तरच हे नीट चालतं. मे महिन्यात, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर विशेषच, रात्रीचं तापमानही २८-३० अंशांच्या आसपास असतं. तेव्हा एचेव्हेरिया, सेडम, हावर्थिया वाढ थांबवतात. मुळं जवळजवळ काम बंद करतात. अशा झोपलेल्या मुळांना पोटभर पाणी दिलं तर ते नुसतं गरम मातीत उभं राहतं.

म्हणून या दिवसांत नेहमीच्या निम्मं पाणी, पहाटे, काडी कोरडी निघाल्यावर दोन-तीन दिवस थांबून. पूर्ण बंदही करू नका. दोन महिने हाडासारखी कोरडी राहिलेली कुंडी बारीक मुळं मारते, आणि मग जूनच्या पहिल्या पाण्याला ओढायला कोणीच नसतं. पोर्टुलाकारिया आणि अडेनियम मात्र गरमीतच वाढतात, त्यांना काडी कोरडी झाल्याबरोबर पोटभर द्या. खत कोणालाच नाही. पश्चिमेच्या खिडकीतली रोपं पडद्याआड, काचेपासून दोन फूट आत.

*जूनचा मध्य ते सप्टेंबर.* उजेड कमी, हवा ओली. काडी सांगेल तेव्हाच पाणी, आणि सलग झड असेल तर काडीने हो म्हटलं तरी ऊन पडेपर्यंत वाट पाहा. कुंड्या एकमेकींना टेकवू नका. दिवसातून तीन-चार तास टेबल फॅन लावा, छताचा पंखा चालू असेल तरी बरं. गॅलरीत पावसाचे तुषार येत असतील तर रोपं आत घ्या, पहिल्या पावसात न्हाऊ घालण्याचा मोह टाळा.

या महिन्यांत रोपं लांबुडकी होतात, पानांमधलं अंतर वाढतं. साध्या पांढऱ्या एलईडी ग्रो लाइटखाली २० ते ३० सेंटिमीटरवर रोज १० ते १२ तास ठेवली तर आकार टिकतो. लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही, ते हिवाळ्यात कापूनच दुरुस्त करावं लागतं.

टप्पा ७: पान काय सांगतंय ते आधी वाचा

खालचं एखादं पान कागदासारखं वाळून गळतं, हे नैसर्गिक आहे, काढून टाका. पान पिवळट, पारदर्शक, दाबल्यावर पाणी सुटणारं असेल तर पाणी जास्त झालंय. पांढरट किंवा तपकिरी कोरडा चट्टा, तोही फक्त उन्हाच्या बाजूला, म्हणजे भाजलंय. तो डाग जात नाही, पण पसरतही नाही. कडा लाल झाल्या असतील आणि पान ताठ असेल, तर ते उन्हाने आलेलं रंगरूप आहे, घाबरू नका.

फसवणूक सुरकुतलेल्या पानात होते. सुरकुती दिसली की पाण्याचा मग हातात येतो. थांबा, आधी काडी घाला. माती कोरडी आणि पान सुरकुतलेलं, तर तहान आहे. पाणी द्या, दोन-तीन दिवसांत पान भरतं. माती ओली आणि तरीही पान सुरकुतलेलं, तर मुळं कुजली आहेत. इथे घातलेलं पाणी शेवटचं ठरतं. लगेच पुढच्या टप्प्यावर जा.

टप्पा ८: कुजलेलं रोप वाचवणं

रोप काढा, माती झटका. धारदार पातं स्पिरिटने पुसा आणि खोड काळ्या भागाच्या वर कापा. काप पाहा. मधे तपकिरी कडं किंवा ठिपका दिसला तर पातं पुन्हा पुसून आणखी वर कापा. हिरवट-पांढरा, स्वच्छ काप येईपर्यंत कापत जा, मग वर चार पानांचा तुरा उरला तरी चालेल. पुष्कळ जण थोडा डाग ठेवून लावतात आणि आठवड्यात उरलेलंही जातं.

कापलेला तुरा सावलीत चार ते सात दिवस वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली. कापावर कडक पापुद्रा धरला की कोरड्या मिश्रणावर नुसता ठेवून द्या. साधारण दोन ते चार आठवड्यांत मुळं फुटतात. तुरा हलकेच उचलायचा प्रयत्न करा. मातीने धरून ठेवला असेल तर पहिलं पाणी द्या, त्याआधी नाही. जुनी माती फेका, कुंडी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा.

गळलेली चांगली पानंही वाया घालवू नका. एचेव्हेरिया आणि ग्रॅप्टोपेटलमचं पान देठापासून पूर्ण, न फाटता निघालं असेल तर कोरड्या रेतीवर आडवं ठेवा. हावर्थियाच्या पानाला हे क्वचितच साधतं, तिची बाजूची पिल्लं वेगळी करणं बरं.

रोप सुधारत नसेल आणि कूजही नसेल, तर कुंडी उलटी करून मुळं बघा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी पूड दिसली तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे. मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, तीन दिवस वाळवा, नव्या मिश्रणात लावा. पानांवरचा ढेकूण कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपा आणि पाच दिवसांनी पुन्हा टिपा, कारण अंडी पहिल्या वेळी निसटतात. कडुनिंबाचं तेल वापरायचं तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर तेल आणि साबणाचे काही थेंब, संध्याकाळीच, आणि पुढचे दोन दिवस रोप उन्हात नाही. भुकटी असलेल्या एचेव्हेरियावर मात्र तेल फवारू नका. ती पांढरी भुकटी निघून गेली की त्या पानावर पुन्हा येत नाही.